चादरीवरचं निळं

कारखान्यातली माणसं त्यांना तोंडावर 'मोठ्या बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'हिरकणी'. काच कापायच्या हत्याराच्या टोकाला बसवतात ना, ती हिरकणी. काचेवरून फिरवली की नुसती एक बारीक रेघ उमटते, काच आपली जागच्या जागी. मग अंगठ्याने जरा दाबायचा अवकाश, की त्या रेघेवर सरळ दोन तुकडे. मोठ्या बाईंचं बोलणं तसंच होतं. ऐकून झालं तरी माणूस धड दिसायचा, घरी जाऊन जेवायला बसला की मग दुभंगायचा. हे नाव त्यांच्या कानावर केव्हाच आलं होतं. त्यांना ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला.

कारखाना म्हणजे घराच्या मागची लांबट खोली. भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत रंगीत काचांचे तक्ते ताटांसारखे उभे लावलेले. मधोमध मोठं टेबल, त्याच्यावर चित्राचा कागद, कागदावर काचेचे तुकडे आणि तुकड्यांच्या कडांना शिशाच्या पट्ट्या. तुकडे जुळवायचे, पट्टीला पट्टी भेटेल तिथे कथलाचा डाख देऊन सांधायचं, फटींत लांबीचा लगदा भरायचा, की झाली खिडकी. कोणाच्या जिन्यात वेल हवी, कोणाला दारावर अर्धगोल सूर्य हवा, कोणाला शेजाऱ्याची मोरी दिसू नये म्हणून फुलं हवीत. मोठ्या बाईंना सहीपलीकडे फारसं लिहिता येत नव्हतं, पण कप्प्यातून बोटभर काच बाहेर ओढली की ती कुठल्या खिडकीत शोभेल हे त्या तिथल्या तिथे सांगत. नवरा गेल्यावर सगळा व्याप त्यांनी या नजरेवर पेलला होता.

आणि त्यांनी एक नियम घातला होता. दाराच्या चौकटीवर खिळे ठोकलेले होते, माणशी एक. ज्याच्या हातून काम बिघडेल त्याने बिघडलेला तुकडा तारेत गुंडाळून आपल्या खिळ्याला लटकवायचा. येणारं गिऱ्हाईक कौतुकाने विचारायचं, "हे काय, शोभेचं का?"

"हो," मोठ्या बाई म्हणायच्या, "आमच्या लोकांची शोभा."

त्यांच्या मुलाच्या खिळ्याला तर द्राक्षांसारखा घडच लागला होता. शिसेकाका, म्हणजे नवऱ्याच्या वेळचा जुना कारागीर, हात काळे आणि बोलणं कमी, त्यांचेही पाच-सहा तुकडे वाऱ्यावर किणकिणत. सुनेचे दोन. मोठ्या बाईंचा खिळा मात्र कोरा. गंजला होता, पण कोरा.

सून घरात आली ती चित्रकलेच्या शाळेतून शिकून. हात चांगला होता, हे मोठ्या बाई मनात कबूल करत. मनातच. पण सुनेला एक खोड होती. खिडकी तयार झाली की ती दारासमोरच्या लाकडी घोडीवर उभी करून उन्हात बघायची ही कारखान्याची रीत. सगळे समोर उभे राहून माना वर करून बघत. ही सून काय करायची, तर घोडीपुढे फरशीवर पांढरी चादर अंथरायची आणि चादरीकडे बघत बसायची.

"काय गं, कोणी निजायला येणार आहे का?" पहिल्यांदा मोठ्या बाईंनी विचारलं होतं.

"नाही आई, खाली काय पडतंय ते बघतेय."

"खिडकी बघायला माणूस मान वर करतो. खाली बघते ती झाडूवाली."

सगळे हसले. सूनही हसली, पण चादर काही उचलली नाही.

मग प्रसूतिगृहाचं काम आलं. बाळंतिणींसाठी नवी खोली बांधली होती आणि तिची पूर्वेची अख्खी भिंत खिडकीची होती, पलंगाच्या उंचीपासून छतापर्यंत. तिथे रंगीत काच हवी होती. मुलगा म्हणाला, "हे काम तिचं तिला करू दे ना, आई." मोठ्या बाईंनी 'करू दे' म्हटलं. पूर्ण खिडकी एकटीने करायची सुनेची ही पहिलीच वेळ. त्यांच्याकडे चालत आलं होतं, की जो चित्र काढील त्याने खालच्या कोपऱ्यात आपल्या रंगाचा नखाएवढा तुकडा बसवायचा. ती त्याची खूण. सुनेने आपली खूण पोपटी निवडली.

तिने झाड काढलं. वर दाट पानं, पानांत तांबडे पक्षी, सगळा रंग वरच्या अर्ध्या भागात. खाली मात्र नुसतं पाणी, तेही जवळजवळ बिनरंगी लाटांच्या काचेचं. घोडीवर चढवलं तेव्हा मोठ्या बाईंनी ते वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "वर जेवण आणि खाली धुवण, असं झालंय."

"आई, तिथे पोरं निजणार. सकाळचं ऊन तिरकं येतं, वरचा रंग समोरच्या भिंतीवर जाईल, पण खालचा सगळा..."

"पोरांना काय रंगाचं वावडं आहे?"

"तसं नाही, खालचा रंग थेट..."

"बरं बरं. शिकलेली माणसं बोलायला लागली की माझा चहा गार होतो." आणि त्या चहाला गेल्या. सुनेचं वाक्य अर्धंच राहिलं.

तेवढ्यात सुनेची बहीण जिन्यावरून पडली, पाय मोडला. सून तिच्याकडे गेली. "आल्यावर बसवू," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी प्रसूतिगृहातून निरोप आला, खोली लवकर उघडायची आहे, खिडकी बसवून देता का. मोठ्या बाईंनी हो म्हटलं. मग खिडकीसमोर उभ्या राहिल्या. ते बिनरंगी पाणी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. लोक म्हणतील, कारखान्याचे दिवस फिरले, काच पुरली नाही म्हणून खाली साधी लावली. कप्प्यात गडद निळ्याचा एक तक्ता होता, नवऱ्याने हौसेने आणलेला आणि कधी कामी न आलेला.

"शिसेकाका, खालचं उघडा. निळं घालायचं."

शिसेकाकांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "सूनबाईंना विचारू या का एकदा?"

"सून माझी की तुमची?"

काकांनी पक्कड उचलली. मुलगा तिथेच होता. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि काचा पुसायला घेतल्या. आयुष्यभर तो हेच करत आला होता.

निळं पाणी असं झालं की बघत राहावं. मोठ्या बाईंनी पोपटी खूण जुन्या भागातून काढून नव्या निळ्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने बसवली. काम आपण सुधारलं तरी नाव तिचंच ठेवलं, केवढं आपलं मन, असं त्यांना वाटलं. जुना भाग फोडून टाका म्हणाल्या. शिसेकाका 'बरं' म्हणाले.

खिडकी बसली दुपारी. बघायला डॉक्टरीणबाई आल्या, मेट्रनबाई आल्या, झाडणारीसुद्धा केरसुणी टेकून उभी राहिली. सगळ्यांनी माना वर केल्या. "काय निळं आहे!" मेट्रनबाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मानेने नुसतं 'असू दे' केलं. ऊन तेव्हा इमारतीच्या दुसऱ्या बाजूला होतं. खाली काहीच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून परत आली. पिशवी अजून हातातच होती, तोच प्रसूतिगृहातला माणूस दारात. "आत्ताच्या आत्ता बोलावलंय. सगळ्यांना."

तिघंही गेली. वाटेत मुलाने सुनेला खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. ती एकदम थांबली, मग पुन्हा चालायला लागली. मोठ्या बाई पुढे चालत होत्या. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खोलीत खिडकीवर चादरी बांधलेल्या होत्या. एका चादरीची गाठ सुटली होती आणि तिथून उन्हाचा हातभर रुंद पट्टा पलंगावर पडला होता. निळा. पलंग रिकामा होता, उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता, आणि तो खळगा निळा होता. मेट्रनबाई गाठ बांधायला वाकल्या तर त्यांचे ओठ निळे झाले, नखं निळी झाली. थंडीत गारठून मेलेलं माणूस दिसावं तशी ती धडधाकट बाई दिसली.

मोठ्या बाईंना कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच. "सकाळी नर्स आत आली तर तान्हं निळं. तोंड निळं, हात निळे. ती ओरडली. मी पलीकडून धावत आले, पोराच्या नाकाला नळी लावली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. त्याची आई काय करत होती ते मला सांगवत नाही. मग त्याला घेऊन बाहेर पळालो तर बाहेरच्या दिव्याखाली पोर गुलाबी! ठणठणीत! भुकेने रडत होतं!" त्यांनी श्वास घेतला. "खिडकी कोणाची?"

मुलाने आईकडे पाहिलं. मेट्रनबाई कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पोपटी खूण. हिची ना? तुम्हीच सांगितलं होतं ना, मोठ्या बाई, खूण कोणाची असते ते?"

"माझी," सून म्हणाली.

"पोरं निजायच्या खोलीत कुठला रंग घालावा एवढी अक्कल नको?"

सुनेने एकदा, फक्त एकदा, सासूकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं, रागाला मोठ्या बाईंकडे उत्तरं होती. ती नुसती वाट बघत होती. आपलं अर्धं राहिलेलं वाक्य सासू आता पुरं करील, अशी.

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. जी जीभ काच कापायची ती टाळूला चिकटली.

"चूक झाली," सून म्हणाली. "आज उतरवते."

"उतरवाच. आणि हे बघा, वरच्या मजल्याच्या खिडक्या द्यायच्या आहेत, त्या मी हिला देणार नाही. मोठ्या बाई, त्या तुम्ही स्वतः करा. तुमच्या नजरेखालून गेलं असतं तर हे झालं नसतं."

आणि मोठ्या बाईंची मान हलली. हो अशी हलली. का हलली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं कोणी नजरेचं कौतुक केलं की ती हलायची, तशीच हलली.

बाहेर व्हरांड्यात ती बाळंतीण बाकावर बसली होती. पोरसवदा, केस विस्कटलेले. ती बाळाला दिव्याखाली धरायची, दुपटं बाजूला करून पाय बघायची, पुन्हा झाकायची, पुन्हा उघडायची. मोठ्या बाई समोरून जाताना तिने हाक मारली.

"आजी, जरा बघता का? गुलाबी आहे ना? सगळे म्हणतात आहे. पण मला नीट दिसतच नाहीये."

मोठ्या बाई वाकल्या. बाळाचे तळवे जास्वंदीच्या कळीसारखे होते. "आहे," त्या म्हणाल्या.

"नक्की ना? तुम्हाला रंगातलं कळतं म्हणे."

त्या जिना उतरल्या. कठड्याला धरून उतरल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

खालचा निळा भाग दुपारपर्यंत उतरून कारखान्यात आला. मोठ्या बाई कप्प्यांपाशी उगाच काचा मागेपुढे करत उभ्या होत्या. सुनेने कोपऱ्यातली शिशाची पट्टी पकडीने उलगडली, पोपटी तुकडा काढला, तारेत गुंडाळला. स्टूल घेतलं, चढली, आणि आपल्या खिळ्याला तो लटकवला. दोनाचे तीन झाले.

"अगं, ते काय करतेस?" मुलगा म्हणाला.

"नियम आहे ना घरचा. खूण माझी होती."

शिसेकाका उठले आणि खोलीच्या टोकाला गेले. पोत्यांखालून त्यांनी तो जुना, बिनरंगी पाण्याचा भाग काढला. फोडा म्हटलेला. धड होता, फक्त कोपऱ्यात खुणेची जागा पडलेल्या दातासारखी रिकामी. तो त्यांनी टेबलावर ठेवला, मोठ्या बाईंकडे न बघता.

"फोडायला हात धजला नाही," ते म्हणाले.

एरवी मोठ्या बाईंनी 'माझा शब्द तुम्हाला पोत्याखाली घालायला सांगितला होता का' असं काहीतरी तोडून टाकलं असतं. आता त्या म्हणाल्या, "बरं केलंत." आणि आत निघून गेल्या. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाल्या. शेजारीण विचारायला आली, काय झालं हो प्रसूतिगृहात, तर पडद्याआडूनच 'डोकं दुखतंय' म्हणून सांगितलं. ज्या बाईने उभ्या जन्मात कोणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, बोलून मात्र शंभरांना पाठवलं होतं, ती पडद्याआड उभी होती आणि शेजारणीच्या चपला लांब जाईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि शिसेकाका जुना भाग बसवायला निघाले. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी सुनेने साधी काच भरून दिली होती. ती स्वतः गेली नाही. "त्यांना मी नको आहे," एवढंच म्हणाली. मोठ्या बाईंनी पायात चपला सरकवल्या.

"तू कशाला, आई?"

"चल म्हटलं ना."

पाणी बसलं. लाटांच्या काचेतून सकाळचं ऊन आलं आणि पलंगांवर पडलं ते बिनरंगी, जरा हलत्या पाण्यासारखं. वरचे तांबडे पक्षी समोरच्या भिंतीवर उंच जाऊन बसले. खाली तान्ही पोरं जशी होती तशी दिसली. एक सावळं, एक लालबुंद, एकाच्या गालावर ओरखडा. खिडकी मुळात काय होती ते मोठ्या बाईंना तेव्हा दिसलं. घोडीसमोर उभं राहून, मान वर करून, ते दिसलंच नसतं.

"बघा," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "तुम्ही हात घातला आणि काम सुधारलं."

"हात घातला म्हणून तर बिघडलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती निळी काच मी घातली. सून गावाला होती. तिने हेच केलं होतं, आत्ता दिसतंय हे. मला सांगतही होती, पण मी ऐकून घेतलं नाही."

मेट्रनबाईंच्या हातातली चादरीची घडी तशीच राहिली. पलंगांवरच्या बायका उठून बसल्या. मुलगा खिडकीकडे तोंड करून एकच काच पुसत राहिला.

"मग काल का नाही बोललात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी तिला तुमच्यासमोर नाही नाही ते बोलले."

"काल तुम्ही माझं कौतुक करत होता," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते सोडवलं नाही मला."

मेट्रनबाईंनी घडी पलंगावर ठेवली. मोठ्या बाईच पुढे म्हणाल्या, "वरच्या मजल्याच्या खिडक्या तिला द्या. मला देऊ नका. मी वर बघणारी बाई आहे."

"बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण कालचा मानही नव्हता. "मी तिच्याशी बोलेन. तुमच्याशी नाही."

ती पोरसवदा बाळंतीण भिंतीकडच्या पलंगावर होती. खिडकीपासून लांबचा पलंग मागून घेतला होता तिने. मोठ्या बाई तिच्याकडे दोन पावलं गेल्या. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिने बाळाला उचलून पलीकडच्या कुशीत घेतलं, दुपट्याचं टोक त्याच्या तोंडावर ओढलं. काल याच बाईंना तिने 'आजी' म्हटलं होतं.

मोठ्या बाई तिथूनच मागे फिरल्या.

कारखान्याचं दार पश्चिमेचं. तिसऱ्या प्रहरी ऊन आत शिरतं तेव्हा सून कोणाच्या तरी जिन्याची छोटी खिडकी घोडीवर चढवून, चादर अंथरून, चादरीसमोर बसली होती. मोठ्या बाईंनी टेबलाखालच्या निळ्या भागातून एक तुकडा उचकटला. तार शोधली. दोनदा तुकडा निसटला. शिसेकाका मदतीला उठले तर 'बसा' म्हणाल्या. मग स्टूल ओढलं. त्या स्टुलावर चढताना सगळं काम थांबलं, मुलाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. गंजलेल्या खिळ्याला तार गुंडाळायला वेळ लागला. गंज बोटांना लागला.

उतरण्याआधी सुनेच्या खिळ्याकडे हात नेला, पोपटी तुकडा सोडवला आणि खाली येऊन चादरीच्या कडेला ठेवला.

"ही तुझी. तिथे लटकायची नाही ती. आणि तिथे सांगून आले मी. निळं कोणी घातलं ते."

सुनेने तुकड्याकडे पाहिलं. "कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर. बाळंतिणींसमोर."

"हं."

"ती लहानी... तिने पोराचं तोंड झाकलं, मला बघून."

सून 'असू दे आई' म्हणाली नाही, 'होतं असं' म्हणाली नाही. पोपटी तुकडा तिने उचलून टेबलाच्या खणात टाकला आणि पुन्हा चादरीकडे वळली. मोठ्या बाई बाजूला उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आपल्याच कारखान्यात कुठे उभं राहावं हेसुद्धा कळत नव्हतं.

वाऱ्याने वरचे तुकडे किणकिणले. नवा तुकडा फिरला आणि उन्हात आला.

"आई," सून मान वर न करता म्हणाली, "तो तुमचा तुकडा जरा आतल्या अंगाला फिरवा. चादरीवर निळं पडतंय."

मोठ्या बाईंनी खाली पाहिलं. पडत होतं. बोटभर, चादरीच्या मधोमध, इतकं गडद की पुसायला हात जावा. त्या पुन्हा स्टुलाकडे वळल्या.